कचेरीतील वैदर्भी रीती

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत झाला, अशी कथा राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. मृदु व मधुर अशा वैदर्भी रीतीची ही भूमी. ती रीती कचेरीतही उपयोगी पडावयास हरकत नाही.

1998 साली वाशीम जिल्ह्याचे ठिकाण झाले, तशा जिल्ह्याच्या कचेऱ्याही आल्या. अशा कचेरीत एखादा कारकून बेरजेत गढलेला असतो आणि शेजारचे गृहस्थ दूरध्वनीवर मोठ्याने बोलत असतात. बेरीज चुकते व तिचा भुर्दंड एखाद्या शेतकऱ्यास पडतो. म्हणून मुकाट्याने सोसणे हा येथे सद्गुण नव्हे. पण चारचौघांत खेकसणेही व्यर्थच. गोंगाटात मनुष्य नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच वैद्य लोंबार यांनी 1911 साली दाखवून दिले आहे.

शहाणा कारकून मधल्या सुट्टीत एकांत गाठतो व हलक्या स्वरात म्हणतो, “भाऊ, आज माझी बेरीज दोनदा चुकली. आकडे पुरे होईपर्यंत जरा हळू बोलाल काय?” या बोलण्यात दोषारोप नाही, केवळ अडचण आहे, आणि दुसऱ्याची अडचण ऐकून घेण्यात कोणाचाच मान जात नाही.