दोन जंगलांच्या मधला वाघ

(युवा शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला वाघावर बोलायला सांगितलं आहे. वाघ म्हटलं की ताडोबा आठवतं, जिप्सी आठवते, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ आठवतात. त्या वाघाबद्दल मी आज कमी बोलणार आहे. मला बोलायचं आहे ते अभयारण्याबाहेरच्या वाघाबद्दल. दोन जंगलांच्या मध्ये कपाशीची, तुरीची शेतं आहेत, नाले आहेत, डांबरी रस्ते आहेत, गावं आहेत. तिथून रात्री मुकाट्यानं निघून जाणारा जो वाघ असतो, तो. महाराष्ट्रात वाघ पुढं टिकेल की नाही, हे या मधल्या जागेत ठरणार आहे असं मला वाटतं. आणि त्या जागेवर वस्ती वाघाची नाही, आपली आहे.

आधी थोडे आकडे सांगतो. 2006 साली देशात वाघ मोजले तेव्हा अंदाज निघाला 1,411. साऱ्या देशाला धक्का बसला, कारण त्याच्या थोडं आधी राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं होतं. फलक होते, कर्मचारी होते, कागदावर वाघही होते. जंगलात मात्र नव्हते. सरिस्कानंतर मोजणीची पद्धत बदलली. पायाच्या ठशांऐवजी ट्रॅप कॅमेरे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळं फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. 2022 च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज 3,682 निघाला. महाराष्ट्रात 2006 मध्ये 103 वाघ होते, 2022 मध्ये 444. हे यश आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण जंगल चौपट झालेलं नाही. वाघ वाढले, जागा तेवढीच राहिली. मग ते जातात कुठं?

यासाठी वाघाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. वाघ कळपात राहत नाही. वाघीण साधारण साडेतीन महिन्यांत विते, बहुधा दोन ते चार पिल्लं होतात. ती एकटीच त्यांना वाढवते, शिकार शिकवते. पिल्लं दीड-दोन वर्षांची झाली की त्यांना आईचा इलाका सोडावा लागतो. मादी पिल्लू पुष्कळदा जवळपासच जागा शोधतं, नराला लांब जावं लागतं. कारण जिथं जावं तिथं आधीच एक मोठा नर बसलेला असतो. झाडांवर मूत्राचा फवारा, खोडावर नखांचे ओरखडे, वाटेवर विष्ठा, अशा खुणांनी त्यानं हद्द आखलेली असते. कोवळा नर त्या हद्दीत शिरला तर मार खातो, कधी जीवही जातो. म्हणून तो चालत राहतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: पाणी, चितळ-सांबर-रानडुक्कर यांसारखं भक्ष्य आणि दुसऱ्या नराची हद्द नसलेली जागा. चौथी गोष्ट मादी.

आता एका वाघाची हकीकत सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचं अभयारण्य आहे. जेमतेम 148 चौरस किलोमीटर. तिथं जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर बसवली. जूनमध्ये, पावसाच्या सुरुवातीला, तो घर सोडून निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला, परत फिरला, पैनगंगा अभयारण्यात राहिला, मग हिंगोली, वाशिम, अकोला करत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी वळणं धरून नऊ महिन्यांत तो सुमारे 3,000 किलोमीटर चालला. त्याचं नावच ‘वॉकर’ पडलं.

हे सगळं तो कुठून चालला? शेतांमधून, नाल्यांच्या कडेनं, रस्ते ओलांडून. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री निघायचा. नीलगाय, रानडुक्कर मारायचा, कधी गुरं. माणसांशी त्याचा खटका उडाला तो एकदाच, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तो झुडपात विसावला असताना काही लोक आत शिरले, त्यात एक जण जखमी झाला. कुणाचा जीव गेला नाही. इतक्या दाट वस्तीतून एक पूर्ण वाढीचा वाघ नऊ महिने फिरला आणि कित्येक गावांना पत्ताही लागला नाही. वाघाला माणूस नको असतो. त्याला वाट हवी असते.

मात्र ही गोष्ट इथं गोड करून संपवता येत नाही. ज्ञानगंगा 205 चौरस किलोमीटरचं. तिथं बिबटे होते, भक्ष्य होतं, पण दुसरा वाघ नव्हता आणि वाघीणही नव्हती. म्हणजे 3,000 किलोमीटर चालूनही त्याचा वंश पुढं जाईल अशी सोय नव्हती. अभयारण्यं सुटी-सुटी बेटं झाली की हेच होतं. नवा नर येत नाही, त्याच त्या रक्तात पिल्लं होत राहतात, पिढ्या दुबळ्या होत जातात. 2023 साली चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी नेऊन नवेगाव-नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. असे प्रयोग गरजेचे आहेत, पण गाडीत घालून किती वाघ नेणार? वाघाला पाय आहेत. त्याची वाट शाबूत ठेवणं जास्त सोपं आणि जास्त स्वस्त आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही.

त्याच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-राळेगावच्या तुकड्या-तुकड्यांच्या जंगलात ‘अवनी’ नावाची वाघीण होती. दोन वर्षांत 13 माणसांच्या मृत्यूसाठी तिला जबाबदार धरलं गेलं. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला गोळी घातली. शहरांत मेणबत्त्या पेटल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण त्या गावांमध्ये लोक महिनोन् महिने शेतात जायला घाबरत होते, त्यांची बाजू किती जणांनी ऐकली? मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातला, काम पहाटेचं, वाकून करायचं. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं, असं जाणकार सांगतात. आणि पहाटेची वेळ ही त्याच्या शिकारीचीच.

जंगलात कोण जातं? ज्याच्या घरी दुसरी कमाई नाही तो. पानं, मोहफुलं, सरपण, चारा, हे गोळा करणारी बाई वाघाच्या वाटेत हौसेनं जात नाही. मृत्यू झाल्यास महाराष्ट्र सरकार वारसांना 25 लाख रुपये देतं. ते वेळेवर मिळायलाच हवेत. पण पैसे ही शेवटची पायरी झाली. पहिली पायरी ही की ती बाई संध्याकाळी घरी परत आली पाहिजे. जे संवर्धन तिला मोजत नाही, ते टिकणार नाही. ज्या गावानं माणूस गमावला, ते गाव उद्या वाघाला वाट देणार नाही, विष देईल.

ही भीती पोकळ नाही. वाघानं मारलेल्या गाईच्या कलेवरावर विष टाकण्याचे प्रकार होतात. त्याहून जास्त होतं ते कुंपणात वीज सोडणं. शेतकऱ्याचं लक्ष्य असतं रानडुक्कर, कारण डुक्कर एका रात्रीत पीक उद्ध्वस्त करतं. तारेला मात्र डुक्कर, वाघ आणि शेजारचा माणूस यांतला फरक कळत नाही.

मग उपाय आहेत का? आहेत, आणि चालताहेत. नागपूरहून जबलपूरकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी लोक कोर्टात गेले, अभ्यासकांनी मांडणी केली, आणि महाराष्ट्रातल्या पट्ट्यात रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली गेली. त्यांतल्या काही वाटा साडेसातशे मीटर रुंद आहेत. वर ट्रक धावतात, खाली कॅमेऱ्यात वाघांसह 18 जातींचे वन्यप्राणी जाताना टिपले गेले आहेत. रस्ताही झाला, वाटही राहिली. लोकांनी वेळेवर तोंड उघडलं म्हणून हे झालं.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले पुष्कळ जण यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलडाणा, चंद्रपूरकडचे आहात. म्हणजे त्यांतले बहुतेक वॉकर ज्या वाटेनं गेला, त्या वाटेवरचे. तुमच्या हातात काय आहे?

एक. गावात वाघ दिसल्याची बातमी आली तर गर्दी करू नका आणि करू देऊ नका. घेरलेला वाघ हल्ला करतो. खात्री नसलेला व्हिडिओ पुढं पाठवू नका. आपल्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली क्लिप आपल्या तालुक्याच्या नावानं फिरते. वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे, तो लावा.

दोन. कुणाची बकरी, गाय गेली तर त्या घरी जा. कलेवर हलवू देऊ नका, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, अर्ज लिहून द्या. चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही म्हणून भरपाई बुडते आणि राग वाघावर निघतो. शिकलेल्या मुलांनी एवढं केलं तरी खूप आहे.

तीन. तुमच्यातले काही जण रात्री ट्रक, टेम्पो, टॅक्सी चालवतात. जंगलपट्ट्यात वेग कमी ठेवा. गाडीखाली मेलेला वाघ हा दुसरीकडं निघालेला, कुठल्या तरी जंगलाचा पुढचा नर असू शकतो.

चार. तुमच्या भागात खाण, महामार्ग, कालवा येणार असेल तर पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना वर्तमानपत्रात येते, किमान 30 दिवस आधी. ती वाचा, जा, प्रश्न विचारा. प्राण्यांना वाट कुठं ठेवली? गावाच्या गुरांना वाट कुठं? 2006 च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनींना संरक्षण दिलेलं आहे. कायदा आहे, पण त्याची आठवण करून देणारा माणूस सभागृहात हवा. तो मुंबईहून का यावा?

पाच. हे कामच आयुष्याचं काम म्हणून निवडता येतं. वॉकरच्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब आहेत. त्यांनी अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून पीएच.डी. केली, आणि विषय होता आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचे लांडगे. अलीगढला वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. डेहराडूनच्या संस्थेत एम.एस्सी. आहे. वनरक्षकाची भरती आहे, वनसेवेची परीक्षा आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर याखेरीज तिसरा शब्द आपल्या घरांत बोलला जात नाही. तो बोलायला सुरुवात करा.

या सगळ्यात वाघाची पूजा करा किंवा त्याच्यावर दया करा, असं काही मी म्हणत नाही. जिथं वाघ चालू शकतो तिथं झाडोरा असतो, नाल्यात पाणी असतं, रात्री काळोख असतो, म्हणजे आपल्याही जगण्याचं बरंच काही शिल्लक असतं. दोन जंगलांच्या मधली जमीन आपण कशी वापरतो, एवढाच प्रश्न आहे. तो वनखात्याचा जितका, तितकाच तिथं राहणाऱ्यांचा आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.