खेळाचे मैदान कोणाचे?

(आमच्या गावच्या शाळेत पालकांच्या सभेपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आपण हातातली कामे टाकून आलात, तेव्हा उगाच लांबण लावीत नाही. आज मला परीक्षेविषयी बोलावयाचे नाही, खेळाच्या तासाविषयी बोलावयाचे आहे. "पोरांचा धुडगूस तो, त्याचे व्याख्यान कशाला?" असे कोणी म्हणेल. परंतु वर्गात कोण हुशार व कोण मागे हे कळावयास सहामाही यावी लागते. मैदानावर कोणाला घेतले आणि कोणाला बसविले, हे पोराला पहिल्याच दिवशी कळते.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. पूर्वी मी ज्या गावी होतो तेथे एक कुंभाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. जन्मापासून त्याचा उजवा पाय आत वळलेला. खेळाचा तास आला की मी त्याला म्हणे, "बाळ, तू लिंबाखाली बस, चपलांवर लक्ष ठेव." मला वाटे, मी दयाच करीत आहे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हांकडून कवायतीचे हुकूम घोकून घेतले होते. त्या हुकमाप्रमाणे ज्याचे पाऊल पडत नाही त्याचे काय करावे, हे कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नाही. दोन वर्षे असे चालले. मग मुलगा शाळेत येईना. मी घरी गेलो. बाप चाकावर बसला होता. हात न थांबविता तो म्हणाला, "गुरुजी, तिथं चपला राखतो, इथं निदान मडकी राखील." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

मुलगा परत आला तो माझ्यामुळे नव्हे, पोरांमुळे. चारदोन पोरे त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "चल, लंगडी खेळू. लंगडीत सगळेच लंगडे!" बंधूंनो, काय बोलली ती पोरे! धडधाकट मुलांना आपण खेळासाठी लंगडे करतो, आंधळ्या कोशिंबिरीत त्यांच्या डोळ्यांना फडके बांधतो, आणि ज्याचा पाय किंवा डोळा खरोखर अधू, त्याला मात्र लिंबाखाली बसवितो! त्या दिवशी तो डाव्या पायावर असा सुटला की एका दमात पाच गडी बाद केले. त्याचा सारा जन्म त्याच पायावर भार देण्यात गेला होता. बाकीच्यांच्या पोटऱ्या भरून आल्या, याची नाही.

खोखोचा नियमही पोरांनीच बसविला. पाटीवर तो बसे. खो मिळाला की त्याच्या वतीने जोडीदार धावे, पण पुढचा खो कोणाला द्यावयाचा ते हा ओरडून सांगे. मी नुसती शिट्टी वाजविली.

अशी युक्ती काही त्या पोरांनाच सुचली असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली युरोपात गोलबॉल नावाचा खेळ निघाला. चेंडूत घुंगरे, साऱ्या गड्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि चेंडू कानाने हुडकावयाचा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. त्यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातले सचिन खिलारी, लहानपणी सायकलवरून पडून एक हात निकामी झालेला, त्यांनी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक आणले. पण असा गडी लाखांत एखादा. मला काळजी आहे ती ज्यांना पदक कधीच मिळणार नाही त्यांची. खेळ त्यांनाही हवाच.

जोतीराव फुले दांडपट्टा शिकले ते लहुजी साळवे यांच्याकडे. तालमीत जात आडवी आली नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून मुले एका ठिकाणी बसविली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, आणि आम्ही मास्तरांनी शाळेच्या आवारातच लिंबाखाली नवी वेगळी शाळा भरविली!

मायबहिणींनो, एक शब्द तुम्हांसाठीही आहे. पोरगी बाराची झाली की ती मैदानावरून आपोआप उठते. पाणी तिने भरावे, धाकटे तिने खेळवावे. भाऊ मात्र अंधार पडेतो हुतूतू खेळतो. आठवड्यातले दोन दिवस हंडा त्याच्या डोक्यावर द्या. काही बिघडणार नाही. मान बळकट होईल.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान, खेळाचे साहित्य व अडथळ्यावाचून आत येण्याची वाट हवी असे लिहिले आहे. अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळण्याची संधी शाळेने द्यावी, असे २०१६ चा कायदा सांगतो. पण कायदा मैदानातले दगड वेचावयास येत नाही.

म्हणून मी आज मागणे घेऊन उभा आहे. पायरीशेजारी उतार करावयास दोन गाड्या मुरूम हवा. सुतारदादांनी एका मुलाच्या मापाची कुबडी करून द्यावी. चामड्याचे काम जाणणाऱ्यांनी घुंगरे आत घालून एक चेंडू शिवून द्यावा. तिसरीतल्या एका मुलीला डोळ्यांनी दिसत नाही, तिच्यासाठी तो हवा. लेझीमला हलगी लागेल. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला मी हलगीजवळ उभा करणार आहे, कारण तिचा ठोका छातीत जाणवतो. बुटांसाठी पैसा कोणाकडे मागणार नाही. अनवाणी खेळता यावे इतके मैदान आपण साफ करू.

शनिवारी शाळा सकाळची आहे. ज्यांना जमेल त्यांनी घमेले व फावडे घेऊन सातला यावे. आणि ज्यांनी आपले पोर लाजेने घरी ठेवले आहे, त्यांनी त्यालाही बरोबर आणावे. चपला राखावयास मी बसेन.