मिठाच्या खड्यानं भागत नाही, बायांनो!

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचतीवर नाही, गोठ्यावर बोलायचं आहे. आपल्या गटांमध्ये कितीतरी जणींनी कर्ज काढून गाय नाहीतर म्हैस घेतली आहे. जनावर दिसायला धड असतं, खातंपितं, पण गाभणच राहत नाही. भरवलं की उलटतं. गाईचा माज साधारण २१ दिवसांनी येतो. तीन माज वाया गेले की दोन महिने गेले. वैरण चालूच, हप्ताही चालूच, दूध मात्र नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, "ही वांझ निघाली, बाजार दाखवा." आणि आपल्या नावावरच्या कर्जाची गाय मातीमोल भावात जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की विकायच्या आधी तिच्या गव्हाणीत काय पडतं ते बघा.

आपली जनावरं माळावर, बांधावर चरतात. पावसाळ्यात कोवळं गवत मिळतं. दिवाळीनंतर तेच गवत वाळतं, त्यातला कस जातो, आणि पुढे उन्हाळाभर कडबा नाहीतर सोयाबीनचं भूस. पोट भरतं, पण तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन अशी खनिजं पुरेशी मिळत नाहीत. ती लागतात अगदी कणभर, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजं म्हणतात. पण तो कण रोज लागतो. चाऱ्यात खनिज येतं ते मातीतून. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या काळ्या रानात पिकाला जस्त कमी मिळतं, म्हणून आपण झिंक सल्फेट टाकतो. मग त्याच रानातला कडबा खाणाऱ्या गाईला जस्त कुठून मिळणार?

उणीव ओळखायची कशी? तांबं कमी पडलं की केस राठ होतात, रंग उडतो. लाल कंधारी फिकट दिसते, कधी डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं पांढुरकं होतं. जस्त कमी पडलं की कातडी जाड होते, भेगाळते, खूर कमजोर होतात. कोबाल्ट नसेल तर भूक मंदावते, जनावर वाळत जातं. आयोडीन कमी असेल तर वासरू अशक्त, गळा सुजलेलं जन्मतं. शिवाय मुका माज, वारंवार उलटणं, वार अडकणं हेही यामुळे होऊ शकतं. जनावर चिंध्या, हाडं, प्लास्टिक चघळत असेल तर बहुतेक वेळा फॉस्फरस कमी असतो. पण यातली बरीच लक्षणं जंतांनी आणि दुसऱ्या आजारांनीही दिसतात. म्हणून आधी पशुसखीला सांगा, डॉक्टरांना दाखवा, जंताचं औषध वेळेवर द्या.

"आम्ही मीठ देतो की," असं पुष्कळ जणी म्हणतात. मीठ जरूर द्या. पण मिठातून तांबं, जस्त मिळत नाही. त्यासाठी खनिज मिश्रण लागतं. मोठ्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम, वासराला २० ते २५ ग्रॅम. दूध जास्त असेल तर जास्त लागतं, ते डॉक्टरांना विचारा. किराणा दुकानात एकदा ५० ग्रॅम तोलून घ्या आणि घरातल्या एखाद्या वाटीवर खूण करून ठेवा. दिवसभर चरून आलेल्या जनावराला संध्याकाळी आंबोणात नाहीतर ओल्या भरड्यात कालवून द्या. घेताना पिशवीवर आयएसआयची खूण आणि आयएस १६६४ हा आकडा बघा. पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा.

तीन गोष्टी करू नका. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट देऊ नका, कारण तांबं आणि सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते. मनानं मोरचूद चारू नका. आणि गाईचं मिश्रण मेंढ्यांना घालू नका, त्यांना जादा तांबं सोसत नाही.

आता पैशाचं. एका गाईला महिन्याला दीड किलो मिश्रण लागतं. गटात दहा गाई असतील तर पंधरा किलो. एकेकीनं छोटी पुडी आणण्यापेक्षा गटानं मोठी पिशवी आणली तर भावही करता येतो, आणि "आज संपलं, उद्या बघू" असं होत नाही. बांधावर शेवगा, हादगा, शेवरी लावा. हिरवा पाला मिळाला की तेवढीच भर पडते.

आठ दिवसांत चमत्कार होणार नाही. नवा केस यायला, माज ओळीवर यायला वेळ लागतो. दोन-तीन महिने खंड न पाडता द्या. गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान गाईंसाठी ठेवा. माज कधी आला, कधी भरवली, कधी व्याली, वार पडली का, एवढंच लिहा. उद्या घरात गाय विकायची गोष्ट निघाली तर ते पान पुढे ठेवा. गाईला रोज वैरण आपणच टाकतो ना? मग तिचा निर्णयही आपल्याला विचारूनच व्हायला हवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या गाईम्हशींचा आकडा आणि दुकानातला भाव घेऊन या. खरेदीचं तिथेच ठरवू.