औषध माळावर उतरतं तेव्हा



चराऊ रानाची निगा म्हटली की आपण गवताबद्दल बोलतो. मारवेल, पवना, अंजन. चराईबंदी, पाळीपाळीने चराई. हे सारं हवंच. पण त्याच रानात आपल्या सिरिंजमधून काय उतरतं, याचा हिशेब आपल्या पशुवैद्यक व्यवसायाने अजून नीट मांडलेला नाही.

गिधाडांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी ती सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे. डायक्लोफिनॅकची सुई घेतलेलं जनावर दगावलं, ते गिधाडांनी खाल्लं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. हा संबंध २००४ मध्ये सिद्ध झाला. तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या आसपास संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीवर ३ मिलीची मर्यादा आली. २०२३ मध्ये जनावरांसाठी एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही बंद झाले. गिधाडांच्या या ऱ्हासावरच्या अभ्यासातला एक आकडा मला सतत छळतो. एवढा संहार व्हायला शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असणं पुरेसं होतं. तेव्हा ‘मी एकाने दिलं तर काय बिघडतं’ हा युक्तिवाद आपल्यापुरता तरी संपला आहे. मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना निर्धोक पर्याय हाताशी असताना तर संपलाच आहे.

आता मढ्यावरून शेणाकडे या. पहिले पाऊस झाले की माळावर जा आणि दोन दिवसांचा शेणाचा पो काडीने उलटा करा. खाली बोटभर रुंदीची भोकं दिसतील, कडेला उकरलेल्या ओल्या मातीचे ढीग, आणि शेण खाली ओढत नेणारे काळे शेणकिडे. खत जमिनीत, पाणी मुरायला वाट, माश्यांच्या अळ्यांना जागा नाही. हे काम फुकटात चालतं. किडे नसले तर पो वाळून खापरासारखा पडून राहतो, त्याखालचं गवत मरतं आणि भोवतालच्या गवताला गुरं तोंड लावत नाहीत.

गोचीड आणि जंतांसाठी आपण आयव्हरमेक्टिन टोचतो. ते बहुतांशी शेणावाटेच बाहेर पडतं, तेही पुष्कळ दिवस, आणि शेणकिड्यांच्या अळ्या त्याने मरतात. आपली सरसकट जंतनिर्मूलनाची मोहीम नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर असते, म्हणजे शेणकिडे जमिनीबाहेर येतात त्याच सुमाराला. हे मला फार अस्वस्थ करतं.

उपाय आहेत. आधी शेण-लेंड्यांची तपासणी करून ज्याला गरज आहे त्यालाच औषध द्यावं. नुसते जंत असतील तर फेनबेंडाझोलसारखं शेणकिड्यांना कमी घातक औषध निवडावं. टोचलेली गुरं काही दिवस गोठ्यात बांधून वैरण घालावी. गोठेवाल्याला हे जमतं. पण वाड्यासह फिरणाऱ्या धनगराने शंभर मेंढरं कुठे बांधायची? त्याच्यापुढे नियमावली ठेवून आपण मोकळे होणं मला मान्य नाही. त्याच्या कळपासाठी वाटेवरच्या दवाखान्यात लेंड्या तपासून मिळाल्या पाहिजेत, त्याच दिवशी आणि विनामूल्य.

या परिषदेकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे. केसपेपरवर औषधाच्या नावापुढे दोन रकाने वाढवा: जनावर चरायला कधी सोडायचं, आणि ते दगावलं तर मढं पुरायचं की उघड्यावर टाकता येईल. दुसरी गोष्ट, तालुका दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक चालू हवा आणि त्यावर बसणारा माणूसही नेमलेला हवा. हे दोन्ही ठराव आज दुपारच्या सत्रात मांडले जातील. चर्चा कडक व्हावी, हरकती मोकळेपणाने याव्यात. पण ठरावांवर निर्णय घेतल्याशिवाय आपण उठू नये.