वास्त्यांची परतलेली भाजी

१९८२ सालीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला; परंतु दोहोंकडील रानांत पावसाळ्यांत फुटणारे बांबूचे कोवळे कोंब आजही ‘वास्ते’ याच नांवानें ओळखले जातात. यांची भाजी परतावयास पांच-सात मिनिटें पुरतात. पूर्वतयारीस मात्र वेळ द्यावा लागतो. कच्च्या कोंबांत सायनाइड उत्पन्न करणारें विषारी द्रव्य असतें. म्हणून गृहिणींनीं कोंब सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यांत उघड्या भांड्यांत चांगले उकळावे व तें पाणी फेकून द्यावें. मग तापल्या तेलांत लसूण, कांदा, हळद, तिखट घालून कोंब मोठ्या आंचेवर परतावे. शेवटीं मीठ घालावें. वेळ वांचवावा तो परततांना. उकळण्यांत कुचराई करूं नये.