गुणपत्रिका कशी वाचावी?

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



सत्काराच्या प्रसंगी वक्त्याने गुणवंतांची स्तुती करावी, मातापित्यांचे अभिनंदन करावे आणि उपदेशाचे चार शब्द सांगून खाली बसावे, असा प्रघात आहे. स्तुती आणि अभिनंदन मी मनःपूर्वक करतो. उपदेशाच्या ऐवजी मात्र आज थोड्या रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलण्याची अनुज्ञा मी कार्यकारिणीकडून मागून घेतली आहे. परीक्षेतील गुण आणि त्यांचा अर्थ हा तो विषय होय. मी केवळ मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत हयात घालविलेला शिक्षक आहे. संख्याशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु वर्षानुवर्षे घटक चाचण्या घेणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि गुणांचे तक्ते भरणे हेच ज्याचे काम होते, त्याला आकड्यांच्या पाठीमागे काय दडलेले असते याची थोडी ओळख झाल्याशिवाय राहत नाही.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्या घरांतील फार मोठे निर्णय या आकड्यांवर होतात. आज व्यासपीठावर कोण बसणार, मंडळाची शिष्यवृत्ती कोणास मिळणार, हे गुणांवरून ठरते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, "दहावीला पंचावन्नच टक्के पडले, आता हिला पुढे शिकवून काय करायचे?" असे म्हणून एखाद्या मुलीची शाळा कायमची बंद होते, तेही याच आकड्यावरून. ज्या आकड्यावर लेकराचे आयुष्य वळते, तो आकडा वाचावयास आपण शिकलो आहोत काय, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम सरासरीचा विचार करू. शाळेच्या सभेत गुरुजी सांगतात, "वर्गाची सरासरी साडेबारा आहे." समजा, पंचवीस गुणांची गणिताची चाचणी आहे आणि दहा-दहा मुलांच्या दोन तुकड्या आहेत. पहिल्या तुकडीचे गुण असे : १०, ११, १२, १२, १२, १३, १३, १३, १४, १५. दुसरीचे असे : २, ३, ३, ४, ५, २०, २१, २२, २२, २३. आपण बेरीज करून पाहावी. दोहोंची बेरीज १२५, दोहोंची सरासरी १२.५. परंतु दुसऱ्या तुकडीत बारा किंवा तेरा गुण मिळालेले एकही मूल नाही. तेथील सरासरी कोणत्याच मुलाचे वर्णन करीत नाही.

हा भेद दाखविण्यासाठी संख्याशास्त्रात प्रमाण विचलन नावाचे माप आहे. प्रत्येक मूल सरासरीपासून किती दूर आहे ते मोजावे, त्या अंतरांचे वर्ग करावे, त्या वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. पहिल्या तुकडीत हे माप सुमारे १.४ येते, दुसरीत सुमारे ९.२. लहान माप म्हणजे मुले एकमेकांच्या जवळ आहेत. मोठे माप म्हणजे ती पांगलेली आहेत. पहिल्या तुकडीला तोच धडा सर्वांना मिळून पुन्हा शिकविला पाहिजे. दुसऱ्या तुकडीत अर्ध्या मुलांना धडा आलेला आहे आणि अर्ध्यांचा मागच्या इयत्तेपासूनच पाया सुटलेला आहे. त्यांना वेगळे बसवून प्रारंभापासून हात धरून नेले पाहिजे. सरासरी एकच, पण औषध निराळे. म्हणून सरासरी ऐकल्यावर पालकांनी लगेच दुसरा प्रश्न विचारावा, "गुरुजी, मुले किती पांगलेली आहेत, आणि माझे मूल कोणत्या टोकाला आहे?"

सरासरीच्या रेषेसंबंधी आपल्याच महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचे नाव येथे घेतले पाहिजे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. माणसाची अन्नाची गरज व्यक्तीगणिक वेगळी असते आणि एकाच माणसातही ती कमीजास्त होत असते; म्हणून सरासरी गरजेची एक रेषा ओढून तिच्या खालच्या प्रत्येकाला कुपोषित ठरविणे बरोबर नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. तो वाद पंडितांचा; परंतु सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण रोगी नसतो, ही त्यातील सावधगिरी वर्गातही तितकीच उपयोगी आहे. सरासरीच्या खाली कोणी ना कोणी असणारच. सर्वच मुले सरासरीच्या वर असावीत ही अपेक्षा गणिताच्याच विरुद्ध आहे.

आता एकाच मुलाच्या गुणांकडे वळू. दोन मुलांना पंचवीसपैकी तेरा गुण मिळाले, तर आपण दोघांना सारखेच समजतो. उत्तरपत्रिका उघडून पाहिली म्हणजे कळते की, एकाला बेरीज-वजाबाकी उत्तम येते, पण शाब्दिक उदाहरण वाचून समजत नाही. त्याची अडचण मराठी वाचनाची आहे, गणिताची नव्हे. दुसऱ्याने ४०२ मधून १७८ वजा करताना ३७६ असे उत्तर लिहिले आहे. खरे उत्तर २२४. पुष्कळांना वाटेल, मुलाने मनाला येईल ते लिहिले. तसे नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. दशक मोडून उसना घ्यावयाचा असतो हे त्याला उमगलेले नाही. अशी चार उदाहरणे असली तर त्याचे चारही ठिकाणी गुण जातात. आकडा सांगतो, चार चुका. उत्तरपत्रिका सांगते, चूक एकच, चार वेळा झालेली. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखविले तर ती चूक थोड्या दिवसांत दुरुस्त होते.

शिक्षकी पेशात याला नैदानिक चाचणी म्हणतात. वैद्य जसा नाडी पाहतो तसा हा प्रकार आहे. प्रश्नांची नावे वर, मुलांची नावे बाजूला, आणि चुकले तेथे फुली, एवढा तक्ता पुरतो. एखाद्या उभ्या रांगेत सगळ्याच फुल्या आल्या, तर शिकविण्यात अथवा प्रश्नातच दोष आहे. एखाद्या आडव्या रांगेत सगळ्या फुल्या आल्या, तर त्या मुलाच्या घरी जाऊन यावे. पालकांना माझी विनंती अशी की, शाळेत गुण विचारू नका असे मी म्हणत नाही. पण गुणांबरोबर उत्तरपत्रिकाही पाहावयास मागा. दहावी-बारावीलासुद्धा बोर्डाकडे ठरावीक शुल्क भरून अर्ज केल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट मोजपट्टीची. आपल्या राज्यात दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला, आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर चढला. आपल्या नागपूर विभागाचा निकाल २०१९ साली ६७.२७ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होता. मग १९ सालची मुले मठ्ठ आणि २० सालची एकाएकी बुद्धिमान निपजली काय? २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळेने द्यावयाचे वीस-वीस गुण काढून टाकले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते अंतर्गत गुण परत आले. शिवाय कोरोनाच्या टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. मुले तीच, मातीही तीच, पट्टी बदलली. ज्या घरात थोरला २०१८ साली आणि धाकटी २०१९ साली दहावी झाली असेल, तेथे त्या दोघांच्या टक्क्यांची तुलना करणे म्हणजे एकाचे कापड वाराने आणि दुसरीचे मीटरने मोजून कोणाचे अधिक भरले असे विचारणे होय.

याच जातीचा दुसरा घोटाळा टक्के आणि शततमक यांचा आहे. शततमकालाच आपली मुले पर्सेंटाइल म्हणतात. एम.एच.टी.-सी.ई.टी. परीक्षेचा निकाल २०१९ सालापासून पर्सेंटाइलमध्ये येतो. मुलाला ८५ पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ त्याला शंभरपैकी ८५ गुण मिळाले असा नव्हे. त्याच्या सत्रातील दर शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे ८५ जण त्याच्या बरोबरीने अथवा त्याच्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेढे वाटण्यापूर्वी आणि रागावण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

शंभर टक्के निकालाच्या फलकांविषयीही दोन शब्द. आठ मुले बसलेल्या शाळेत एक नापास झाला तर निकाल ८७.५ टक्के होतो. दोनशे मुलांच्या शाळेत एक नापास झाला तर ९९.५ टक्के. संख्या लहान असली म्हणजे टक्का माकडासारखा उड्या मारतो. शिवाय कच्च्या मुलांना आधीच सतरा नंबरचा फॉर्म भरावयास लावून बाहेर काढले, तर शंभर टक्के निकाल लावणे कठीण नाही. आपल्या ज्ञातीत यंदा इतके टक्के मुले प्रथम श्रेणीत आली असा हिशोब आपणही मांडतो. आपल्याकडील परीक्षार्थींची संख्या पाहता, त्या टक्क्याच्या चढउतारावरून समाज पुढे गेला की मागे पडला, हे ठरवू नये हे बरे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणत्याही चाचणीत मुलाच्या ज्ञानाबरोबर त्या दिवसाचे नशीबही मोजले जाते. वाचलेलेच प्रश्न आले, रात्री झोप चांगली झाली, तर चार गुण वर; ताप होता, घरात भांडण झाले, तर चार गुण खाली. म्हणून एका चाचणीत फार वर गेलेले मूल पुढच्या चाचणीत बहुधा थोडे खाली येते, आणि फार खाली गेलेले बहुधा थोडे वर चढते. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली हाच नियम माणसांच्या उंचीत दाखविला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी ठेंगणी भरतात.

आता याचा घरातील परिणाम पाहा. मुलाला चोवीस गुण मिळाले, आपण पाठ थोपटली; पुढच्या वेळी वीस मिळाले. आपण म्हणतो, "कौतुकाने शेफारला." दुसऱ्याला सहा मिळाले, आपण छडी उगारली, पुढच्या वेळी दहा मिळाले. आपण म्हणतो, "पाहा, माराशिवाय गत्यंतर नाही." वास्तविक दोन्ही ठिकाणी ना कौतुकाने काही बिघडले, ना छडीने काही सुधारले, आकडा आपल्या मूळ ठिकाणाकडे परतला. पिढ्यान् पिढ्या छडीला जे श्रेय मिळाले, त्यातील मोठा वाटा या साध्या नियमाचा आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. एका चाचणीवरून मुलाची पारख करू नये. तीन-चार चाचण्यांचे गुण ओळीने मांडावे, आणि रेषा कोणीकडे जाते ते पाहावे.

एवढे विवेचन केल्यावर मंडळाच्या कारभाराविषयी तीन नम्र सूचना मांडतो. पहिली सूचना शिष्यवृत्तीची. आज ७५ टक्क्यांची अट आहे. ७५ टक्क्यांना मदत आणि ७४.६ ला नकार, असा न्याय आपण करतो. चार दशांश टक्क्यांचे अंतर हे ज्ञानाचे नसून त्या दिवसाच्या ऊनपावसाचे असू शकते. तेव्हा काठावरच्या अर्जांत मागील तीन वर्षांची प्रगती आणि घरची परिस्थिती पाहून निर्णय व्हावा. ज्या मुलीला धुणीभांडी सांभाळून साठ टक्के मिळाले, तिचे साठ आणि स्वतंत्र खोलीत अभ्यास करणाऱ्याचे साठ हे गुणपत्रिकेवर सारखे दिसतात, मंडळाच्या डोळ्यांना सारखे दिसू नयेत.

दुसरी सूचना सत्काराची. २०१५ सालापासून दहावीत नापास झालेल्यांना त्याच वर्षी फेरपरीक्षा देता येते. पडून पुन्हा उभे राहिलेल्या अशा मुलांनाही पुढील वर्षी याच व्यासपीठावर बोलवावे.

तिसरी सूचना आम्हा सेवानिवृत्त शिक्षकांसाठी. आपल्या ज्ञातीत असे बरेच जण आहेत. दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात दोन तास बसावे, आणि ज्यांना आपल्या मुलाच्या चाचणीचे पेपर दाखवावयाचे असतील त्यांनी ते घेऊन यावे. मुलाला किती गुण मिळाले हे आम्ही विचारणार नाही. कोठे अडले ते पाहू. मी स्वतः येत्या रविवारपासून बसेन.

बालमित्रांनो, आज ज्यांचा सत्कार झाला त्यांनी मोठे व्हावे, हा माझा आशीर्वाद. ज्यांचा झाला नाही, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, गुणपत्रिकेवर लिहिलेले असते ते एका पेपराचे, एका दिवसाचे माप. तुमचे माप अजून पुरे घ्यावयाचे आहे.

 जय हिंद! जय महाराष्ट्र!