बाखच्या दिंडीतली दुसरी ओळ

बारामतीत मी हार्मोनियम आणि सिंथेसायझरच्या शिकवण्या घेतो. गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तीस-बत्तीस वर्षे तुकोबांच्या पालखीसोबत टाळकरी म्हणून चालले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते माझ्याकडे राहायला आले. संध्याकाळी शिकवणीची मुले गेली की मी पाश्चात्त्य संगीत ऐकत बसे आणि तात्या कॉटवर पडून ते सहन करत. एकदा मी योहान सेबास्टियन बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मधले पहिले वृंदगान लावले. मिनिटभरात तात्या उठून बसले. म्हणाले, “ही मंडळी निघाली कुठं?”

मी चमकलो. येशूला वधस्तंभाकडे नेले, त्याची ही कथा. 1727 सालच्या गुड फ्रायडेला ती लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये प्रथम गायिली गेली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. यातले काहीच तात्यांना ठाऊक नव्हते. त्यांना कळली ती चाल, म्हणजे पायांची चाल. या गाण्याच्या एका मापात बारा छोट्या मात्रा असतात, तीन-तीनच्या चार गटांत. दादरा आठवावा अशी हालचाल, पण संथ आणि जड पावलांची. खालची बास वाद्ये सुरुवातीला पाच मापे एकाच स्वरावर लांब-आखूड, लांब-आखूड असे ठोके देत राहतात. वर व्हायोलिन, ओबो, बासऱ्या एकमेकांत गुंतत जातात, खाली मात्र खर्ज हलत नाही. मग सहाव्या मापात तो पायरी पायरीने वर चढू लागतो. “वीणेकरी चालायला लागला,” तात्या म्हणाले. याहून नेमके मला आजही सांगता येणार नाही.

वारीत गेलेल्यांना दिंडीची रचना सांगायला नको. मध्ये वीणेकरी, जवळ पखवाज, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या ओळी. एका ओळीने चरण म्हटला की समोरची ओळ तो उचलते. बाखनेही या रचनेत गाणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे दोन सवते ताफे केले आहेत. माझ्या टेपरेकॉर्डरच्या एका स्पीकरमधून ते सगळे एकजीव होऊन येत होते. दुसऱ्या दिवशी मी शिकवणीतले दोन स्पीकर आणले, कॉटच्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवले आणि तेच गाणे पुन्हा लावले. तात्या एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत ऐकत राहिले. मग हळूच विचारले, “पलीकडच्या ओळीला अभंग येत नाही का रे?”

या एका प्रश्नात त्या गाण्याचे मर्म आहे. पहिला वृंद शोकात सामील व्हायला बोलावतो आणि पाहा, पाहा म्हणतो. दुसरा वृंद चरण उचलत नाही, विचारतो. कुणाला? कसे? काय? कुठे? एकेकच शब्द, तुटक, पहिल्या वृंदाच्या लांब ओळींच्या मध्येच फेकलेला. आपल्या भजनात दुसरी ओळ म्हणजे होकार. इथे तिला काय घडले तेच माहीत नाही, आणि तिच्या विचारण्यामुळेच पहिल्या ओळीला पुढचे सांगावे लागते. शेवटाकडे मात्र दोन्ही वृंद एकत्र येतात.

यातच तिसरा आवाज मिसळतो, कोवळ्या सुरांचा. तो लाइपझिगच्या लोकांना पाठ असलेले जुने प्रार्थनागीत गातो, निष्पाप कोकराचे. संथ आणि सरळ, खालच्या गलबल्याशी संबंध नसल्यासारखा. याची किमया आपल्या भाषेत अशी सांगता येईल: बिलावलच्या धैवताला षड्ज मानले की आसावरीचे स्वर हाती येतात. दोन मोठे वृंद, ढोबळमानाने सांगायचे तर, आसावरीच्या दुःखात आहेत आणि त्याच स्वरांत मुलांचे गाणे बिलावलमध्ये उजळ राहते. स्वर तेच, षड्ज वेगळा. 1736 साली हे पॅशन सेंट थॉमसमधले दोन्ही ऑर्गन वापरून सादर झाल्याची नोंद आहे. हा तिसरा आवाज चर्चमध्ये दुरून आला असेल, असे मला वाटते.

जाता जाता एक गंमत. याच पॅशनमध्ये एक भजनाची चाल पाच वेळा येते, दर वेळी वेगळ्या पट्टीत. ती मुळात हान्स लिओ हासलरच्या 1601 सालच्या प्रेमगीताची. आपली भजनी मंडळे नाट्यगीतांच्या चालींवर अभंग बसवतात, त्यांना नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! दुसरी गंमत सालाची. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा 1685 मध्ये सुरू केला, असे सांगतात. बाखचा जन्म त्याच सालचा.

पुढच्या आषाढीच्या आधी तात्यांच्या दिंडीतला एक जुना टाळकरी वारला. ओळीत दोन जागा रिकाम्या झाल्या, एक त्याची, एक तात्यांची. तात्यांनी आपले टाळ माझ्यासमोर ठेवले. बोलले काही नाहीत. मी निमगाव केतकी ते इंदापूर एवढेच चालायचे कबूल केले.

सकाळी समोरच्या ओळीने रूपाचा अभंग सुरू केला, आमच्या ओळीने तो उचलला, आणि माझ्या लक्षात आले की पहिल्या दोन शब्दांपुढे मला काही येत नाही. बाखची मापे मोजणारा मी, शेजारच्याला विचारत होतो, आता काय? पुढे काय? तो साठीचा शेतकरी. त्याने टाळ न थांबवता माझ्याकडे पाहिले. “मास्तर, पाय बघा आधी. शब्द येत्यात मागनं.”

इंदापूरच्या रिंगणापर्यंत तीन अभंगांचे ध्रुपद तोंडात बसले. रात्री बारामतीला फोन केला. तात्यांनी एवढेच विचारले, “कुठल्या ओळीत व्हतास?”

“दुसऱ्या.”

“मग उद्या सराटीपतूर जा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.